चौघांचे गाणे आणि श्रोत्याचे मन

१९६४ सालच्या फेब्रुवारीच्या ९ तारखेस, रविवारी रात्री, न्यूयॉर्कमधून प्रक्षेपित झालेल्या एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात इंग्लंडातील लिव्हरपूल शहराचे चार तरुण गाण्यासाठी उभे राहिले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकन माणसे घरोघरी ते दृश्य पाहत होती. आणि प्रत्यक्ष सभागृहात बसलेल्या मुली किंचाळत होत्या, रडत होत्या, दोन्ही हातांनी आपलेच केस घट्ट धरून आसनावर डोलत होत्या. हे चौघे म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. आणि त्यांचा वाद्यवृंद म्हणजे बीटल्स. त्यांच्या चाहत्यांच्या या अवस्थेला वृत्तपत्रांनी आदल्याच वर्षी ‘बीटलमेनिया’ असे नाव देऊन टाकले होते, आणि वडीलधाऱ्यांनी ‘हा पोरवयातील उन्माद’ एवढा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल केले होते. परंतु भावनेला उन्माद म्हटल्याने तिची कारणमीमांसा होत नाही. ज्यांचा आपला कधी परिचय झाला नाही, ज्यांची भाषाही पुष्कळदा आपली नव्हे, अशा चार माणसांच्या स्वरांनी एखाद्याच्या अंगावर रोमांच उभे राहावेत, डोळे भरून यावेत आणि पन्नास वर्षांनंतरही तोच स्वर ऐकताच त्याला आपले तारुण्य समोर उभे राहिल्यासारखे वाटावे, ही मानवी मनाची एक विलक्षण शक्ती आहे आणि तिचा विचार आदरपूर्वकच केला पाहिजे.

तो विचार करू लागले म्हणजे प्रथम हे ध्यानात येते की, आवडत्या वाद्यवृंदाचा जो परिणाम आपण सर्वस्वी त्या वाद्यवृंदाच्या खात्यावर जमा करतो, त्यातील निम्मा हिस्सा वस्तुतः श्रोत्याचा असतो. कॅनडातील माँट्रियल येथे अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झटॉरे या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने याची मोठी मार्मिक साक्ष दिली आहे. ज्या संगीताने आपल्या अंगावर हमखास काटा येतो असे संगीत प्रत्येकाने स्वतः निवडून आणावे, अशी तजवीज त्यांनी केली होती, आणि ते ऐकताना त्या व्यक्तीच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे मापन केले. अन्न आणि अन्य जीवनावश्यक सुखे यांच्या वेळी मेंदूचे जे भाग जागृत होतात, त्यांतील काही भाग या रोमांचांच्या वेळीही जागृत झालेले दिसले. परंतु या प्रयोगाची खरी खुबी अशी की, एकाने आणलेले संगीत दुसऱ्याला तुलनेसाठी ऐकविले जात होते, आणि एकाचा कंठ ज्याने दाटून येई तेच दुसऱ्याच्या मनाला स्पर्शही न करता निघून जाई. स्वर तेच, वाद्ये तीच. फरक होता तो ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात.

मग हे अंतःकरण स्वरांशी नेमका कोणता व्यवहार करते? लिओनार्ड मायर या अमेरिकन संगीतमीमांसकाने १९५६ साली असा सिद्धान्त मांडला की, संगीतातील भावनेचे मूळ अपेक्षेत आहे: एक स्वर आला की पुढच्या स्वराची मन वाट पाहू लागते, आणि तो स्वर लांबला, चकवून गेला किंवा अखेरीस हवा तिथे येऊन उतरला म्हणजे त्या ताणातून आणि त्याच्या परिहारातून भावना उत्पन्न होते. ख्यालातील लांब तानेनंतर गायक समेवर येतो तेव्हा सबंध मैफलीच्या माना ज्या एकदम हलतात, त्यांना हा सिद्धान्त निराळा शिकवावा लागत नाही. बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ या १९६७ सालच्या गीतात तर या तत्त्वाचा अत्यंत धाडसी विनियोग आहे. चाळीस वादकांच्या वृंदाला असे सांगण्यात आले की, प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या अगदी खालच्या स्वरापासून निघून चोवीस मात्रागणांच्या अवधीत वरच्या स्वरापर्यंत आपापल्या गतीने चढत जावे. त्या चढत्या कल्लोळात श्रोत्याचा श्वास अडकून राहतो, आणि शेवटी अनेक पियानोंवर एकाच वेळी आघात होऊन उमटलेला स्वरसंघात चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत जातो, तेव्हा त्याला आपण फार मोठा चढ चढून सपाटीवर आल्यासारखे वाटते. माँट्रियलच्याच संशोधकांनी २०११ साली दाखविले की, आवडत्या संगीताच्या अत्युत्कट क्षणी मेंदूत डोपामिन हे द्रव्य स्रवते. एवढेच नव्हे, तर तो क्षण येण्यापूर्वी, त्याची वाट पाहण्याच्या काळातही, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात त्याचा स्राव होतो. शंभरदा ऐकलेले गाणे पुन्हा ऐकावेसे का वाटते, याचे उत्तर येथे सापडते. पुढे येणारे वळण ठाऊक असते म्हणूनच त्याची वाट पाहता येते, आणि ती वाट पाहणे हाच आनंदाचा एक मोठा अंश आहे.

परंतु अपेक्षेहूनही बलवत्तर आहे ती स्मृती. मनुष्य उतारवयात आपल्या आयुष्याचे सिंहावलोकन करतो तेव्हा कुमारवय आणि प्रथम तारुण्य यांतील प्रसंग त्याला इतर काळाच्या मानाने अधिक संख्येने आणि अधिक स्पष्टपणे आठवतात, हे मानसशास्त्रज्ञांना अनेक वर्षांपासून विदित आहे. याच वयात माणूस घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर धुंडाळत असतो. मैत्री, पहिले प्रेम, पहिला अपमान, पहिली नोकरी हे सारे याच कालखंडात घडते, आणि त्या काळी कानांवर पडणारे संगीत या प्रत्येक घटनेच्या दस्तऐवजावर जणू मोहोर उठवून ठेवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पीटर जनाटा यांनी २००९ साली दाखविले की, गतायुष्याशी निगडित गाणी ऐकताना कपाळामागील मेंदूचा जो मध्यभाग कार्यरत होतो, तो स्वतःविषयीच्या स्मृतींशी संबंधित आहे. १९६४ साली सोळा वर्षांची असलेली मुलगी आज वृद्धापकाळी ते गाणे ऐकते तेव्हा तिला सोळा वर्षांची ती स्वतः भेटते, आणि या भेटीचा आनंद दुसऱ्या कोणालाही पुरता कळणे शक्य नाही. याहून हृद्य गोष्ट अशी की, कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतील तरुणांना आपल्या आईवडिलांच्या तारुण्यातील गाण्यांविषयीही विशेष आत्मीयता असल्याचे आढळले. घरात वाजत राहिलेले संगीत अशा रीतीने वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते, आणि त्यासाठी मृत्युपत्र करावे लागत नाही.

येथे एक जुना प्रश्न उपस्थित होतो. माणसाला सुख हवे असते, तर तो दुःखाची गाणी इतक्या ओढीने का ऐकतो? बीटल्सच्या यशाचे रहस्य त्यांच्या उल्हासात शोधणारे लोक हे विसरतात की, या उल्हासाखाली शोकाचा एक खोल झरा वाहत होता. मॅकार्टनी चौदा वर्षांचा असताना, १९५६ साली, त्याची आई कर्करोगाने गेली. लेनन सतरा वर्षांचा असताना, १९५८ साली, त्याची आई मोटारीच्या धडकेने गेली. आणि या दोन पोरक्या मुलांच्या स्नेहाला हे समान दुःख फार मोठा आधार झाले. रिंगोचे बालपण प्रदीर्घ आजारांमुळे कित्येक महिने रुग्णालयात गेले होते. १९६६ सालच्या ‘एलिनॉर रिग्बी’ या गीतात गिटार नाही, ढोल नाही. केवळ आठ तंतुवाद्यांच्या साथीवर एकाकी माणसांची कैफियत मांडलेली आहे, आणि लक्षावधी तरुणांनी ती आपलीशी केली. आपल्याकडील साहित्यशास्त्राने या कोड्याचा उलगडा शतकानुशतके आधी केला आहे. भरतमुनींनी करुणाची गणना रसांत केली, आणि भट्टनायक व अभिनवगुप्त यांनी सांगितले की, कलेत भावनेचे साधारणीकरण होते: ती अमक्या एकाची म्हणून उरत नाही, तिच्यातील स्वार्थाचा आणि भयाचा काटा निघून जातो, आणि म्हणून दुःखही आस्वाद्य होते. ‘हे ज्यूड’ हे १९६८ सालचे गीत मॅकार्टनीला सुचले ते आईवडिलांच्या विभक्त होण्याने व्यथित झालेल्या लेननच्या लहानग्या मुलाचे, ज्युलियनचे, सांत्वन करण्याच्या हेतूने. परंतु आज ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते सांत्वन आपल्याच नावे आलेले वाटते. दुःखी माणसाला आनंदी गाणे पुष्कळदा टोचते. त्याच्या शेजारी मुकाट्याने येऊन बसणारे दुःखी गाणे मात्र त्याला सांगते की, या वाटेने तुझ्याआधी कोणीतरी गेले आहे.

‘हे ज्यूड’च्या उत्तरार्धात सुमारे चार मिनिटे एकच निरर्थक अक्षरांचे पालुपद आळविले जाते, आणि त्याच्या चित्रीकरणाच्या वेळी श्रोते गायकांभोवती गोळा होऊन त्या पालुपदात सामील झालेले दिसतात. एकट्या गायकाच्या आणि वाद्यवृंदाच्या परिणामात जो भेद आहे तो येथे प्रकट होतो. वाद्यवृंद म्हणजे एकमेकांचे ऐकत, एकमेकांना सावरत चालणाऱ्या मित्रांचे मंडळ, आणि त्याचा चाहता मनोमन त्या मंडळाचा सभासद झालेला असतो. डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल यांनी १९५६ सालीच असे निदर्शनास आणले होते की, दूरचित्रवाणीवर वरचेवर दिसणाऱ्या व्यक्तींशी प्रेक्षकाचे एकतर्फी, परंतु सच्च्या भावनेचे नाते जुळते. ऑक्सफर्डचे रॉबिन डन्बार आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांत गाणे, ढोल वाजविणे, नाचणे यांत स्वतः भाग घेतल्यानंतर माणसांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली दिसली. नुसत्या ऐकण्याने तो परिणाम झाला नाही, म्हणजे सामील होण्याचे बळ ऐकण्याहून निराळे आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोक जमले आणि त्यांच्या आरोळ्यांत वाद्यांचा आवाज बुडून गेला, तरी कोणी तक्रार केली नाही. तिथे जमलेल्या मुली गाणे ऐकायला आल्या होत्या तितक्याच, किंबहुना अधिक, एकमेकींना भेटायला आल्या होत्या. घराघरांतून एकेकटीने जपलेली भावना हजारोंची आहे, याची खातरजमा करून घ्यायला आल्या होत्या. पुढे ८ डिसेंबर १९८० रोजी लेननची हत्या झाली तेव्हा न्यूयॉर्कमधील त्याच्या घरासमोर अनोळखी माणसे एकत्र जमून त्याची गाणी गाऊ लागली, तीही याच गरजेपोटी.

आवडता वाद्यवृंद श्रोत्याला आपल्यापाशी अडकवून ठेवतो, हा आक्षेपही तपासून पाहण्यासारखा आहे. हॅरिसनने १९६५ साली एका गीतात सतार वाजविली, पुढच्या वर्षी तो मुंबईस येऊन पंडित रविशंकरांपाशी शिकला, आणि १९६८ च्या जानेवारीत मुंबईतील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने भारतीय वादकांना घेऊन काम केले. ‘दि इनर लाइट’ या बीटल्सच्या गीताचे वाद्यसंगीत याच मुंबईत मुद्रित झाले. त्या ओढीने पाश्चात्त्य देशांतील असंख्य तरुण सतार आणि तबला ऐकू लागले, त्यांतील काही रागसंगीताचे गंभीर अभ्यासकही झाले. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या प्रेमाची वस्तू आपणही पाहावी, या साध्या मानवी इच्छेने कानांची सरहद्द अशी विस्तारते.

तथापि श्रोत्याचा हिस्सा निम्मा आहे हे मान्य केले, की त्याची जबाबदारीही मान्य करावी लागते. बीटल्सच्या १९६८ सालच्या ध्वनिमुद्रिकेत चार्ल्स मॅन्सन नावाच्या विकृत माणसाने वंशयुद्धाचे भाकीत वाचले आणि पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी निरपराध माणसांचे खून पाडले. गाण्यांत असा कोणताही हुकूम नव्हता, तो त्याच्या मनात होता. इतक्या टोकाला न जाताही, खिन्न मनःस्थितीत एकच गाणे पुन्हा पुन्हा लावून खिन्नतेलाच खतपाणी घालणारी माणसे आपल्या परिचयात असतात. उलट पक्षी, बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ साली अशा निरोगी व्यक्तींची नोंद केली की, ज्यांना गाण्यातील भाव ओळखता येतो, इतर सुखेही भावतात, परंतु संगीतापासून आनंद मात्र होत नाही. त्यांना अरसिक म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून गाणे संपल्यावर आपले मन हलके झाले की अधिक जड झाले, एवढा हिशेब ज्याने त्याने स्वतःपाशी ठेवावा. ज्या गाण्याने रडू येऊन मन मोकळे होते ते औषध आहे, आणि ज्याने रडणे संपतच नाही ते काही दिवस बाजूला ठेवणे शहाणपणाचे आहे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. मुलामुलींच्या खोलीतून जे संगीत ऐकू येते ते आपल्याला कर्कश वाटो वा निरर्थक वाटो, त्याला उन्मादाचा शेरा मारण्यापूर्वी एक तास त्यांच्याशेजारी बसून ते ऐकावे, आणि यातील कोणती जागा तुला आवडते, असे त्यांना विचारावे. जे मूल आपल्या दुःखाविषयी एक शब्द बोलत नाही, ते आपल्या आवडत्या गाण्याविषयी भरभरून बोलते, आणि त्या बोलण्यातून त्याचे दुःख, त्याची आशा, त्याला कोण व्हावयाचे आहे हे सारे ऐकणाऱ्याला कळून येते. १९६४ साली किंचाळणाऱ्या त्या मुलींना हा प्रश्न विचारणारी माणसे फार थोडी होती. तो विचारण्याची मुभा आज आपल्याला आहे, आणि आपल्या माणसाच्या मनाशी परिचय करून घेण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.