टॅक्सीतलं गाणं

रशियन भाषेचा गंध नाही, तरी परवा पुन्हा तो जुना सिनेमा लावला. ‘प्ल्युश्चिखावरची तीन पॉप्लर झाडं’, १९६७ चा. खेड्यातली न्यूरा घरचं खारवलेलं मांस विकायला मॉस्कोला येते. पदरात मुलं, नवरा तुसडा. टॅक्सीवाल्याशी बोलता बोलता ती एक गाणं गुणगुणते. ना पेटी, ना वाद्यवृंद! अन् तिच्या संसारात काय कमी आहे, ते न सांगता कळतं.

ते गाणं म्हणजे ‘नेझ्नोस्त’, हळुवारपणा. संगीत अलेक्सांद्रा पाखमुतोवा या बाईंचं. गंमत म्हणजे ते सिनेमासाठी केलेलंच नव्हतं; आकाशात गेलेल्या वैमानिकामागे उरलेल्या बाईचं होतं. शब्द लिहिणाऱ्या दोघांपैकी एक त्यांचेच पती, निकोलाय दोब्रोन्रावोव. १९५६ पासूनची जोडी. २०२३ मध्ये ते गेले.

बाईंचा जन्म १९२९ चा, स्टालिनग्राडजवळचा. युद्धात गाव सुटलं, पण १९५३ मध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून शिकून बाहेर पडल्याच. १९८० च्या ऑलिम्पिकला निरोप देताना मीशा अस्वल उडालं, ते गाणंही त्यांचंच. मला मात्र टॅक्सीतलंच मोठं वाटतं.

संध्याकाळी टॅक्सीवाला खाली थांबतो. न्यूरा खिडकीतून बघते. उतरत नाही.