पथ्याचा निकाल पुन्हा खाल्ल्यावरच

वर्ज्य आहाराच्या चाचणीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात संशयित पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद ठेवायचे. दुसऱ्यात ते एकेक करून, थोड्यापासून वाढवत परत घ्यायचे आणि त्रास झाला की नाही ते टिपून ठेवायचे. ‘ग्लुटेन-फ्री’ पिठांचा बोलबाला असताना हा दुसरा भाग अनेकदा गाळला जातो. निदान मात्र त्यातूनच होते.

गव्हाचेच उदाहरण घ्यावे. पोळी सोडली, पोट फुगणे थांबले, म्हणजे दोषी गव्हातले प्रथिन ग्लुटेन, असा समज होतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील जेसिका बिसिकिएर्स्की, पीटर गिब्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो तपासला. ग्लुटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या ३७ जणांच्या आहारातून आधी आतड्यात आंबणारी कर्बोदके कमी केली. सर्वांना आराम पडला. मग कोणाला काय मिळते ते न सांगता ग्लुटेन दिले, तेव्हा खास ग्लुटेनमुळे होणारा त्रास जेमतेम ८ टक्क्यांत दिसला. २०१८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी ५९ जणांवर केलेल्या चाचणीत ग्लुटेनपेक्षा जास्त त्रास झाला तो फ्रुक्टानमुळे.

फ्रुक्टान हे गव्हातले कर्बोदक कांदा-लसणातही भरपूर असते. ते लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो. म्हणजे पोळी सोडून कांद्या-लसणाचे वाटण चालू ठेवणाऱ्याचे पथ्य अर्धेच राहते. फ्रुक्टान तेलात विरघळत नाही. त्यामुळे लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर स्वाद मिळतो आणि त्रास टळतो.

परत घेताना एका वेळी एकच पदार्थ, सलग तीन दिवस, वाढत्या प्रमाणात घ्यावा. दुधातल्या साखरेसाठी दूध, फ्रुक्टानसाठी लसूण, असे गट वेगळे ठेवावेत. अनेकांना थोडे प्रमाण सोसते. ती मर्यादा कळली की कायमचे पथ्य लागत नाही.

गहू सोडण्याआधी सिलिअॅक रोगाची (यात ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) रक्ततपासणी करून घ्यावी; गहू बंद केल्यावर ती फसवी ठरू शकते. पदार्थ खाताच ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल, तर ती अॅलर्जी असू शकते. तो पदार्थ घरी परत खाऊन पाहणे जीवावर बेतेल. रक्तातील आयजीजी मोजून ‘न सोसणाऱ्या’ पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना त्या निदानासाठी ग्राह्य धरत नाहीत. मुले, गरोदर स्त्रिया आणि वजन घटलेले रुग्ण यांनी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय हे पथ्य करू नये.