वारसांची यादी

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळ, पहिल्या मजल्यावर परवानाधारक अभियंता मॅडमचं ऑफिस. माझे शेजारी आपल्या काकांना घेऊन आलेत, मी सोबतीला. काका मुरबाड तालुक्यातल्या गावाहून निघालेत. कल्याणपर्यंत एसटी, पुढे लोकल. मांडीवरच्या पिशवीत घरपट्टीच्या पावत्या आहेत, वर्षवार लावलेल्या. गावठाणातलं मातीचं घर पाडून तिथेच पक्कं बांधायचंय.

“जागा किती?”

“चाळीस बाय पंचवीस.”

“मग सोपं आहे, काका.” मॅडम समजावतात. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीनंतर दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सोळाशे फुटांच्या जागेवर घर बांधायला परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मालकीचा पुरावा, नकाशे, अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं, काम सुरू. तीनशे मीटरपर्यंत असेल तर दहा दिवसांत परवानगी.

काका लगेच पावत्या पुढे करतात. मॅडम त्या नीट पाहतात आणि हळूच परत देतात. “घरपट्टी भरली म्हणजे मालकी ठरत नाही. ड्रोनची मोजणी झाली होती ना गावात? त्याची सनद?”

आहे. पिशवीच्या तळाशी, प्लास्टिकच्या पाकिटात. तिच्यावर नाव मात्र काकांच्या वडिलांचं, आणि ते जाऊन बरीच वर्षं झालीत.

म्हणजे आधी मृत्यूचा दाखला, भूमी अभिलेखाकडे वारसनोंद, मग सगळ्यांची संमती. परवानगीशिवाय बांधायची सवलत ज्याच्या नावावर कागद आहे त्यालाच. गावाकडची किती घरं अशी वाडवडिलांच्या नावावर अडकून असतील! सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली. फार चांगलं काम. पण ते शेताचं. गावठाणातल्या घरांसाठीही तशीच मोहीम हवी, चावडीवर बसून, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला एवढ्यासाठी ठाण्यापर्यंत यावं लागणार नाही.

मॅडम कागद ओढतात. “वारस सांगा.”

काका तिघा भावांची नावं सांगून थांबतात.

“बहिणी?”

“दोघी हायेत. पण त्या दिल्या घरी...”

“नावं सांगा, काका. वडिलांच्या मिळकतीत मुली १९५६ पासून वारस आहेत. त्यांना वगळून मी कागद करणार नाही.” आवाज चढलेला नाही, पण मला तो फार आवडतो.

पुतण्या थोरल्या आत्याला फोन लावतो, स्पीकरवर.

“सही देईन की,” आत्या म्हणते. “पण नकाशात पडवी हाय का?”

काका मॅडमकडे बघतात. पडवीचं कुणी बोललेलंच नाही.

“नाय ना? मग अवकाळी आला का भात कुठं ठेवणार?”

मॅडम पेन्सिल घेतात. “किती फुटांची हवी, ताई?”