पिंजऱ्यामागचा हिशेब

कशेडी घाटाच्या अलीकडची पोलादपूर-महाडची गावं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर जगली. गिरणगावातल्या खोलीवर मे महिन्यात गावची पोरं आली, की चाकरमानी त्यांना भायखळ्याला राणीची बाग दाखवायला नेत. आमच्या दोन्ही तालुक्यांत प्राणिसंग्रहालय नाही. त्यामुळे हत्ती, पाणघोडा, वाघ म्हणजे काय, हे इथल्या अनेकांनी पहिल्यांदा तिथेच पाहिलं, लोखंडी गजांच्या आड.

ही बाग 1862 साली खुली झाली. आजचं तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, मालकी मुंबई महापालिकेची. गजांऐवजी खंदक खणून प्राणी मोकळ्यावर दाखवायची पद्धत कार्ल हागेनबेक यांनी 1907 सालीच हॅम्बुर्गजवळ रूढ केली. आपल्याकडे ती रुजायला फार वेळ लागला, आणि खरी सक्ती आली ती 1992 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यावर. आता बृहत् आराखडा आणि प्रत्येक नव्या पिंजऱ्याचं रेखाचित्र मंजूर झाल्याशिवाय काम काढता येत नाही. वाघाच्या जोडीला किमान 1,000 चौरस मीटर मोकळी जागा लागते, बिबट्याच्या जोडीला 500. म्हणजे कबड्डीची चार मैदानंसुद्धा नाहीत. घाटातल्या बिबट्याचा रात्रभर होणारा वावर ठाऊक असलेल्या माणसाला ही किमान मर्यादा किती किमान आहे, ते सांगावं लागत नाही.

तेवढीही जागा न देणाऱ्यांवर कारवाई होते. 2018 साली छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानाची आणि नागपूरच्या महाराजबागेची मान्यता प्राधिकरणाने काढून घेतली.

जुना पिंजरा पाडणं हे चाळ पाडण्याइतकं सोपं नाही. भाडेकरूंना संक्रमण शिबिरात पाठवता येतं, वाघाला नाही. दुसऱ्या संग्रहालयात हलवायचं तर प्राधिकरणाची परवानगी हवी, तिथे रात्रनिवारा रिकामा हवा, प्रवासाचा ताण प्राण्याला सोसायला हवा. म्हणून काम टप्प्याटप्प्यानेच करावं लागतं. राणीच्या बागेत तर जागाही वाढवता येत नाही: सुमारे 53 एकर, त्यात सुमारे 3,000 झाडं, आणि सगळा परिसर वारसा यादीत. थायलंडमधल्या सल्लागारांनी केलेला पहिला आराखडा 433 कोटी रुपयांचा होता. वृक्षप्रेमी नागरिक त्याविरुद्ध उभे राहिले, वारसा समितीने हरकती घेतल्या आणि आराखडा आवरता घ्यावा लागला. त्या नागरिकांना तेव्हा विकासविरोधी ठरवलं गेलं. माझ्या मते त्यांनी बाग वाचवली.

2016 साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांच्या कक्षावर सुमारे 25 कोटी खर्च झाले आणि 1 ऑगस्ट 2017 पासून पाच रुपयांचं तिकीट पन्नासवर गेलं. गर्दी तरीही उसळली. पण मला त्यापुढचा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. 2021 साली तीन वर्षांच्या देखभालीसाठी निघालेली निविदा सुमारे 15 कोटींची होती. थंड हवा, गाळलेलं पाणी, मासळी, पशुवैद्य, यातलं काहीही एक दिवस बंद ठेवता येत नाही. पिंजरा बांधायला निधी मिळतो, कारण उद्घाटन होतं, फीत कापली जाते. गळणारा पाइप बदलायला फीत नसते. जुने पिंजरे जुने का होतात, याचं उत्तर इथेच आहे.

बागेच्याच आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून केला आणि त्याला 2005 साली युनेस्कोचा सन्मान मिळाला. वाघांच्या घरासाठी अशी भागीदारी का होऊ नये? प्राणी दत्तक योजनेने म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाला मोठा हातभार लावला आहे. मात्र केवळ दारावरच्या पैशांवर विसंबणं धोक्याचं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तिकीटविक्री थांबली, आणि म्हैसूरला देणगीसाठी लोकांना साद घालावी लागली. प्राण्यांची भूक तर सुरूच होती.

म्हणून प्रत्येक तिकिटातला ठरावीक वाटा पिंजऱ्यांच्या दुरुस्ती निधीत वेगळा जमा व्हावा, आणि नव्या पिंजऱ्याला मंजुरी देतानाच त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखवणं सक्तीचं व्हावं. मुंबईत मतदान करणारे पोलादपूर-महाडचे हजारो लोक आहेत. पुढच्या वेळी पोरांना बागेत न्याल तेव्हा आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: या पिंजऱ्याच्या देखभालीला यंदाच्या अर्थसंकल्पात किती पैसे ठेवलेत?