उतारा कोणाच्या हाती?

विषाला उतारा असतो, ही गोष्ट आपल्या समाजाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. साप चावला की पूर्वी लोक मांत्रिकाकडे धाव घेत. आता इस्पितळाकडे घेतात, आणि सर्पविषावरील लस तेथे वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. यातील 'वेळेवर मिळाली तर' हे शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. उतारा जगात कोठे तरी असणे ही एक गोष्ट झाली, आणि तो मरणाऱ्या माणसाच्या उशाशी असणे ही दुसरी. आज आम्ही ज्या उताऱ्याविषयी सांगणार आहोत, तो शोधून काढल्याला साठ वर्षे होऊन गेली. तरीही तो हाताशी नसल्यामुळे जगात दरवर्षी हजारो माणसे मरतात. त्या औषधाचे नाव नॅलोक्सोन. अफू आणि अफूच्या जातीचे सर्व पदार्थ यांची मात्रा अति झाली, तर त्यावर हा उतारा चालतो.

कामगार संघटनेच्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि आमचे शिक्षणही बहुतेक युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झालेले आहे. पण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्याने २०१८ साली एक अहवाल प्रसिद्ध केला, तो वाचल्यावर हा विषय आमचाच आहे अशी आमची खात्री झाली. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत त्या राज्यात अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने जे कामगार मेले, त्यांत बांधकाम आणि खाणकाम करणाऱ्यांच्या मृत्यूचे प्रमाण सर्व कामगारांच्या सरासरीच्या सहापट होते. ज्या धंद्यांत अंगाला इजा अधिक होते, भरपगारी आजारपणाची रजा मिळत नाही आणि नोकरीची शाश्वती नसते, त्या धंद्यांत मृत्यू अधिक, असेही त्या अहवालात दिसून आले.

याची संगती लावणे कठीण नाही. गवंड्याची पाठ दुखते. घरी बसावे तर मजुरी बुडते. मग तो वेदना मारणारी गोळी घेऊन पुन्हा पहाडावर चढतो. अमेरिकेत पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूच्या जातीची गोळी बाजारात आणली आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचा प्रचार केला. पुढे २००७ साली पर्ड्यूच्या एका संलग्न कंपनीने आणि २०२० साली खुद्द पर्ड्यूने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण तोवर लाखो माणसे गोळीच्या आहारी गेली होती. गोळी मिळेनाशी झाली तेव्हा पुष्कळजण हेरॉइनकडे वळले, आणि त्यापाठोपाठ फेंटानिल आले. हा प्रयोगशाळेत तयार होणारा पदार्थ मॉर्फीनच्या पन्नास ते शंभरपट तीव्र असतो. शस्त्रक्रियेत डॉक्टर तो काटेकोर मोजून देतात. चोरट्या बाजारात मोजमाप कोठले? २०२३ साली अमेरिकेत सर्व प्रकारच्या मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे एक लाख पाच हजार माणसे मेली, आणि त्यांतील बहुसंख्य अफूच्या जातीच्या पदार्थांनी मेली.

आता हे मरण येते कसे, ते पाहू. आपण श्वास घेतो तो ठरवून घेत नाही. मेंदूच्या बुडाशी एक केंद्र आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वायू साचू लागला की ते छातीला श्वास घेण्याचा हुकूम सोडते. अफूचा अंश मेंदूतील पेशींवरच्या विशिष्ट खाचांत जाऊन बसतो. त्यामुळे वेदना कळेनाशी होते. पण त्याचबरोबर हे श्वासाचे केंद्रही सुस्त होते. मात्रा अति झाली की वायू साचत राहतो आणि हुकूम मात्र सुटत नाही. श्वास मिनिटाला बारा-पंधरावरून चार-पाचावर येतो, आणि मग थांबतो. श्वास थांबल्यावर मेंदूला कायमची इजा होण्यास चार-पाच मिनिटे पुरतात.

नॅलोक्सोनही त्याच खाचांत बसते, आणि त्या खाचांशी त्याची जवळीक अधिक असल्यामुळे ते अफूचा अंश बाजूला सारते. ज्यांनी यंत्रावर काम केले आहे त्यांना सांगायचे तर, हा तुकडा खाचेत चपखल बसतो, पण चाक फिरवीत नाही. त्यामुळे त्याची स्वतःची नशा अशी काही नसते. अंगात अफू नसलेल्या माणसाला ते दिले तरी अपाय होत नाही. स्नायूत टोचले किंवा नाकात फवारले तर दोन-तीन मिनिटांत श्वास पुन्हा सुरू होऊ लागतो. दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवल्या पाहिजेत. एक, त्याचा असर तीस ते नव्वद मिनिटेच टिकतो. अफूचा अंश त्याहून जास्त वेळ टिकला तर माणूस पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. दुसरी, दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांवर ते चालत नाही. पण नक्की काय घेतले आहे हे कळत नसेल तरी ते देण्यात धोका नाही.

या औषधाचे पेटंट जॅक फिशमन आणि मोझेस लेव्हेन्स्टीन या दोघांनी १९६१ साली मागितले. १९७१ साली अमेरिकेच्या सरकारने त्यास परवानगी दिली. पुढील पंचवीस वर्षे ते मुख्यतः इस्पितळांत आणि रुग्णवाहिकांत राहिले. २००३ साली फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या अतिमात्रेने मेला. ज्याने उतारा शोधला त्याच्या घरातला मुलगा त्या उताऱ्यावाचून गेला. औषधाचा शोध लागला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

अतिमात्रेची घटना इस्पितळात क्वचितच घडते. ती घडते खोलीत, जिन्याखाली, पुलाखाली, कामाच्या जागेवरच्या संडासात. त्या वेळी जवळ असतो तो मित्र, भाऊ, आई, नाहीतर शेजारच्या खाटेवरचा कामगार. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी चार-पाच मिनिटांत ती नेहमीच पोहोचेल असे नाही. हे ओळखून शिकागोतील 'शिकागो रिकव्हरी अलायन्स' या संस्थेने १९९६ साली नॅलोक्सोन थेट नशा करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हाती देण्यास सुरुवात केली. त्या वेळी हे धाडसच होते. मॅसॅच्युसेट्सनेही पुढे हाच मार्ग धरला. तेथील एकोणीस गावांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत लोकांना थोडे शिकवून औषध वाटले होते, तेथे मृत्यूचे प्रमाण काहीच न वाटलेल्या गावांपेक्षा २७ टक्क्यांनी कमी, आणि जेथे अधिक लोकांना वाटले तेथे ४६ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली स्पष्ट सल्ला दिला की, अशी घटना ज्यांच्या डोळ्यांसमोर घडण्याचा संभव आहे, त्या सर्वांना हे औषध मिळावे आणि ते कसे द्यावे हे शिकविले जावे. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये नाकात फवारण्याचे नॅलोक्सोन डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. २०२४ साली तेथील अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ऐंशी हजारांवर उतरले. याची कारणे अनेक असतील; पण उतारा घरोघर पोहोचणे हे त्यांतील एक आहे, असे जाणकार मानतात.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. माणूस हाक मारून, हलवून जागा होत नसेल, तर मुठीच्या उंचवट्यांनी त्याच्या छातीच्या मधल्या हाडावर जोराने चोळावे. तरीही प्रतिसाद नाही, श्वास फार सावकाश किंवा घुरघुरत चालला आहे, ओठ व नखे निळी अथवा राखी पडली आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, अशी लक्षणे दिसली की अतिमात्रा समजावी. ताबडतोब १०८ किंवा ११२ ला फोन करावा. नॅलोक्सोन असेल तर द्यावे. त्याला उताणा निजवून डोके मागे कलते करावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरावे आणि तोंडाने तोंडात दर पाच सेकंदांनी एक श्वास भरावा. श्वास अजिबात नाही आणि अंगात जीवाची काही खूणही नाही, असे दिसले तर छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर औषधाची दुसरी मात्रा द्यावी. श्वास नीट सुरू झाला की त्याला डाव्या कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. शुद्धीवर आला तरी त्याला एकटे सोडू नये, कारण असर उतरल्यावर तो पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. तोंडावर गार पाणी मारणे, मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे, काखेत धरून चालविणे, या गोष्टी करू नयेत. त्यांत मोलाची मिनिटे जातात, आणि बेशुद्ध माणसाला काही पाजले तर ते फुप्फुसात जाते.

यावर काही आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, उतारा हाताशी असला तर व्यसनी बिनधास्त होतील. आगीचा बंब जवळ आहे म्हणून कोणी आपले घर पेटवून घेत नाही. शिवाय नॅलोक्सोनने नशा एकदम तुटते आणि नशेकरी ज्याला 'टर्की' म्हणतात तो त्रास सुरू होतो. त्याची हौस कोणालाच नसते. दुसरा आक्षेप असा की, अडाणी माणसाला हे जमणार नाही. वर सांगितलेल्या अभ्यासांत ज्यांनी जीव वाचविले ते अशीच साधी माणसे होती. तिसरी अडचण मात्र खरी आहे, ती पोलिसांच्या भीतीची. सोबती बेशुद्ध पडला की बाकीचे पळून जातात, कारण फोन केला तर आपणच अडकू असे त्यांना वाटते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ साली कायदा करून, मदत बोलावणाऱ्यास अशा वेळी संरक्षण दिले. पुढे बहुतेक राज्यांनी त्याचा कित्ता गिरविला. आपल्याकडे रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिले आहे. तेच तत्त्व पुढे नेऊन बेशुद्ध नशेकऱ्यासाठी फोन करणाऱ्यासही अभय द्यावे, अशी आमची मागणी आहे.

हा सारा अमेरिकेचा प्रश्न, आपला काय संबंध, असेही कोणी म्हणेल. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे दोन कोटी साठ लाख नव्हे, पण दोन कोटी सव्वीस लाख माणसे अफूच्या जातीचे पदार्थ घेत होती. म्हणजे शंभरांत दोन. मुंबईत १९८० नंतरच्या दशकात गर्द आले आणि चाळी-झोपड्यांतून पसरले. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, आणि १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. व्यसन सोडविण्याचे ते काम थोरच आहे. पण व्यसन सोडवायला माणूस आधी जिवंत असावा लागतो. मणिपूर-नागालँडमध्ये नशा करणाऱ्यांत काम करणाऱ्या संस्थांनी नॅलोक्सोन वापरून प्राण वाचविल्याचे नमूद आहे. तेव्हा हे आपल्या देशात होणार नाही, असे म्हणता येत नाही. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही त्याचे नाव आहे. उणीव आहे ती ते इस्पितळाच्या कपाटातून बाहेर येण्याची.

कपाटाचा हा प्रश्न कामगारांना नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठेवण्याचे, आणि ती प्रथमोपचार शिकलेल्या व कामाच्या वेळी सदैव हजर असलेल्या माणसाच्या ताब्यात देण्याचे बंधन घातले. आम्ही असा एक कारखाना पाहिला आहे की, जेथे पेटी होती, तीत औषधेही होती. पण किल्ली टाइमकीपरच्या खणात, आणि टाइमकीपर रात्रपाळीला येत नसे. निरीक्षकाच्या वहीत मात्र सर्व ठीक होते. युनियनने किल्लीचा प्रश्न वाटाघाटीत घेतला, तेव्हा व्यवस्थापनाला हसू आले. रात्रपाळीच्या एका फिटरला प्रथमोपचार शिकवून किल्ली त्याच्याकडे सोपविली गेली, तेव्हा कोठे ती पेटी खऱ्या अर्थाने पेटी झाली. नॅलोक्सोनचेही असेच आहे. मोठ्या बांधकामांवर, कामगारांच्या वस्तीतील दवाखान्यांत, व्यसनमुक्ती केंद्रांतून घरी परतणाऱ्यांच्या कुटुंबात ते असले पाहिजे. केंद्रातून परतणाऱ्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. काही महिने नशा सुटली की शरीराची सवय मोडते, आणि मग मोहाने जुनीच मात्रा घेतली तरी ती जिवावर बेतते. तुरुंगातून सुटणाऱ्यांचेही तसेच होते.

श्रोत्यांना करता येण्याजोग्या दोन गोष्टी सांगून हे विवेचन संपवितो. आपल्या नगरपालिकेच्या दवाखान्यात नॅलोक्सोन आहे काय, असल्यास रात्री ते कोण देऊ शकतो, हे लेखी विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. दुसरे, तोंडाने श्वास देण्याची रीत घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने शिकून घ्यावी. तिला औषध लागत नाही, परवाना लागत नाही. बुडालेल्यालाही ती उपयोगी पडते आणि विजेचा धक्का बसलेल्यालाही. गर्दुल्ला म्हणून ज्याला आपण ओलांडून पुढे जातो, त्याचा श्वास चालू आहे की नाही एवढे वाकून पाहिले, तरी पुष्कळ काम होईल.