‘ह्यो पोरगा श्वास कवा घेतो गं?’

‘रॅप कधीच न ऐकलेल्या माणसाला रॅपचा व्हिडीओ दाखव आणि तो काय म्हणतो ते लिही.’ इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात मिळालेलं हे काम. यूट्यूबवर रिअ‍ॅक्शन व्हिडीओंचा पूर आलाच आहे, आपल्या पानावरही एक होऊन जाऊ दे, असा एकंदर सूर होता. माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. शेलूतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो रोज संध्याकाळी बसलेला असतो. वय 74. आवडता गायक विचाराल तर कर्जत लोकलच्या डब्यातलं भजनी मंडळ.

‘आजोबा, रॅप माहितेय का तुम्हाला?’

‘म्हंजे त्यो बिस्किटाचा कागुद?’

सुरुवात चांगली झाली होती.

मुळापासून दाखवावं म्हणून मी ‘मेरे गली में’ लावलं. 2015चं गाणं, अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी. त्याच्या आदल्याच वर्षी नेझीने आयपॅडवर शूट करून ‘आफत’ टाकलं होतं आणि मुंबईतल्या अर्ध्या पोरांना वाटायला लागलं होतं, आपल्यालाही जमेल. पुढे 2019मध्ये ‘गली बॉय’ आला, मग काय, ज्यांच्या घरात लिफ्ट आहे तेही स्वतःला गल्लीतले म्हणवायला लागले. (त्यात मीही आले. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. चालत नाही, पण आहे.)

वीस सेकंदांत पहिला प्रश्न आला. ‘ह्यो पोरगा श्वास कवा घेतो गं?’

मग, ‘एवढा का चिडलाय? कुनी मारलं का त्याला?’

चिडलेला नाही, स्टाइल आहे ती, असं मी सांगितलं.

‘मग ही मागची पोरं काय भांडान सोडवाया आल्यात?’

इथपर्यंत माझा लेख मस्त चालला होता. हसू येईल अशी पाच-सहा वाक्यं मिळाली की काम फत्ते. तेवढ्यात आजोबा म्हणाले, ‘आवाज बंद कर. मी बघून सांगतो काय म्हनतोय त्यो.’

हे मला माहीत असायला हवं होतं. आजोबा लालबागजवळच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. एका छपराखाली शेकडो साचे चालत असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथले कामगार ओठ वाचायचे आणि हातांनी बोलायचे. मिशीला पीळ म्हणजे जॉबर येतोय. अंगठा ओठांकडे म्हणजे चहा. आजोबांचा डावा कान तिथेच गेला. त्याची भरपाई म्हणून डोळे आले, असं आजी म्हणायची.

तर त्यांनी मोबाइल नाकाजवळ धरला आणि आवाज बंद करून अख्खं गाणं पुन्हा बघितलं. डिव्हाइनचे हातवारे बघून एकदा खो खो हसले. ‘ह्यो सारखा सांगतोय, धागा तुटला, धागा तुटला!’ नेझी मात्र त्यांना झेपला नाही. तोंड फार भराभर चालतं, म्हणाले, बदली कामगार असणार. शेवटी निकाल लागला. ‘निस्तं गल्ली गल्ली करतोय. पत्ता सांगतोय बघ.’

मी मास कॉममध्ये हिपहॉपवर वीस मार्कांचं असाइनमेंट लिहिलंय. ब्रॉन्क्स, ‘रेप्रेझेंट’, ओळखीचं राजकारण, सगळं त्यात होतं. पत्ता सांगतोय, एवढं सरळ मला लिहिता आलं नव्हतं.

आवाज पुन्हा चालू केला. ते मांडीवर बोटं वाजवत बसले. ‘ठेका साच्याचाच हाय. पन एक साचा मागं पडतोय.’ तो मागे पडणारा ठोका मुद्दाम ठेवलेला असतो, हे मी सांगितल्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पगार कापायची नोटीस वाचून दाखवतेय.

मग स्वतःशीच म्हणाले, ‘आपुन आता कुठला पत्ता सांगायचा?’

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबा त्यातले एक. पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत, वॉचमनकी केली. लालबागची खोली आत्याच्या लग्नात गेली आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही इथे आलो, वांगणी आणि नेरळच्या मधल्या या स्टेशनावर, जिथून सीएसएमटी दोन तासांच्या आसपास आहे. गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज त्यांनी भरलेला आहे, लॉटरीत नाव आलेलं नाही. आणि आता गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीत 81 हजार घरं द्यायची योजना आली. त्याविरोधात 9 जुलै 2025ला आझाद मैदानात कामगार आणि वारस जमले, मुंबईतच घर हवं म्हणून. आजोबाही गेले होते. म्हणजे शेलूला लोकल पकडून, दोन तास बसून, शेलूला घर नको असं सांगायला. परत आल्यावर आईने विचारलं, तर म्हणाले, ‘मला हितं काय वाईट न्हाय. पन मी आलो त्यो माझ्या पायानं आलो.’

शेवटी मी त्यांना ‘द वारली रिव्हॉल्ट’ दाखवलं. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या ग्रुपने आरेच्या केलटीपाड्यातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन 2019मध्ये काढलेलं, जंगल आणि जमिनीवरचं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून जास्त झाडं पडली. यात मराठी आहे, त्यामुळे आवाज बंद करायची गरज पडली नाही. एकही विनोद झाला नाही. संपल्यावर एवढंच म्हणाले, ‘ह्यांना तरी शेलूला धाडू नका म्हनावं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनकडे धावत होते. सहज वळून बघितलं तर आजोबा गॅलरीत उभे राहून हातांनी काहीतरी सांगत होते. लालबागला असते तर चाळीच्या कठड्यावरून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक मारली असती. इथे ते ओरडत नाहीत, कोण काय म्हणेल म्हणून. एक हात सपाट, दुसरा त्यावर आपटलेला, मग तोंडाकडे. मी बराच विचार केला. मिशीला पीळ नव्हता, म्हणजे जॉबर नाही. मीही हात हलवून टाटा केला आणि गाडी पकडली.

बदलापूरच्या पुढे आईचा फोन आला. डबा ओट्यावरच राहिला होता.