जिजीविषा

कोलकात्याच्या दक्षिण भागात जादवपूर नावाची वस्ती आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी या परिसरात अनेक वसाहती उभ्या केल्या. तेथील ज्योतिष राय महाविद्यालयाबाहेर १९८० च्या सुमारास एक तरुण रिक्षा लावून गिऱ्हाइकाची वाट पाहत असे. गिऱ्हाईक नसले की तो पुस्तक उघडून वाचत बसे. एके दिवशी महाविद्यालयातील एक अध्यापिका त्याच्या रिक्षात बसल्या. या बाई शिकलेल्या आहेत, यांना नक्की ठाऊक असेल, असे मनाशी म्हणून त्याने वाचनात अडलेल्या एका शब्दाचा अर्थ त्यांना विचारला. तो शब्द होता ‘जिजीविषा’.

मराठीतही हा शब्द संस्कृतातूनच आला आहे. जिज्ञासा म्हणजे जाणून घेण्याची इच्छा, पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, तशी जिजीविषा म्हणजे जगण्याची इच्छा. अध्यापिकेने अर्थ सांगितला. रिक्षा चालवणाऱ्याच्या तोंडी असा शब्द ऐकून त्यांनाही कुतूहल वाटले. त्यांनी त्याची चौकशी केली आणि आपल्या नियतकालिकासाठी स्वतःच्या जीवनाविषयी लिहिण्यास सांगितले. जाताना त्यांनी आपले नाव व पत्ता दिला. ते नाव कळताच तरुण थक्क झाला. ‘अग्निगर्भ’ हे पुस्तक तो त्या दिवसांत वाचत होता. त्याच्या लेखिका महाश्वेता देवी त्याच्यासमोर उभ्या होत्या.

त्या तरुणाचे नाव मनोरंजन ब्यापारी. त्याचा जन्म १९५० च्या आसपास पूर्व बंगालमधील बारिसाल जिल्ह्यात, नामशूद्र समाजातील एका दरिद्री कुटुंबात झाला. नेमकी जन्मतारीख लिहून ठेवावी, असे ते घर नव्हते. फाळणीनंतर कुटुंब पश्चिम बंगालमध्ये आले आणि बांकुरा जिल्ह्यातील शिरोमणीपूरच्या निर्वासित छावणीत राहिले. शाळा दूरच, पोटभर भातही मिळत नसे. मनोरंजन लहान वयातच घर सोडून निघाला. चहाच्या दुकानात कपबशा विसळणे, गुरे राखणे, ओझी वाहणे, अशी मिळतील ती कामे करीत तो गावोगाव फिरला. कष्ट करूनही मजुरी बुडे आणि जात कळली की वागणूक बदले. सत्तरच्या दशकात कोलकात्यात नक्षलवादी चळवळीचा भडका उडाला होता. संतापलेला हा तरुण तिच्याकडे ओढला गेला, हिंसाचारात सापडला आणि शेवटी तुरुंगात गेला.

तेव्हा त्याचे वय चोवीसच्या घरात होते आणि त्याला अक्षरओळख नव्हती. तुरुंगातच एका सहकैद्याने त्याला शिकवायला सुरुवात केली. पाटी-पेन्सिल नव्हती, काडीने मातीत अक्षरे गिरवायची, पुसायची आणि पुन्हा गिरवायची. प्रौढ वयात अक्षर गिरवताना बोटे कशी अवघडतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या शिक्षणाची किंमत वेगळी सांगायला नको. सुटका झाल्यावर त्याने रिक्षा चालवायला घेतली आणि हाती येईल ते पुस्तक वाचण्याचा सपाटा लावला.

आता प्रश्न होता तो महाश्वेता देवींसाठी काय लिहावे, हा. नुकताच लिहू लागलेला माणूस पुष्कळदा लेखकासारखे दिसण्याची धडपड करतो आणि जे आपल्याजवळ आहे तेच झाकतो. दुःखद किंवा लाजिरवाणा भूतकाळ असलेल्या माणसाला हा मोह अधिकच होतो. मागचे सारे विसरून नवी पाटी सुरू करावी, असे त्याला वाटते आणि लोकही तोच सल्ला देतात. परंतु ज्या वर्षांनी माणूस घडला, ती कापून टाकली तर उरतो तो अर्धाच माणूस. शिवाय झाकलेले कधी उघडे पडेल, ही धास्ती उरतेच. ब्यापारी यांनी जे होते तेच लिहिले. १९८१ मध्ये महाश्वेता देवींच्या ‘बर्तिका’ या नियतकालिकात त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक होते ‘रिक्शा चालाई’, म्हणजे ‘मी रिक्षा चालवतो’.

पुढे २०१२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले : ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’. या नावातील एक शब्द मुद्दाम थांबून पाहण्याजोगा आहे. ‘चंडाल’ हा त्यांच्या समाजाला हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द. तो सरकारी कागदांतून काढावा म्हणून समाजाने दीर्घकाळ प्रयत्न केले, आणि १९११ च्या जनगणनेत त्याच्या जागी ‘नामशूद्र’ हे नाव आले. पूर्वजांनी कष्टाने पुसलेला शब्द ब्यापारी यांनी स्वतःच्या पुस्तकावर पुन्हा छापला. वरवर पाहता हे उलटे पाऊल वाटेल. पण दुसऱ्याने फेकलेला शब्द आणि स्वतः उचलून घेतलेला शब्द यांत फार अंतर असते. मराठी वाचकाला हे नवे नाही. दया पवार यांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले होते.

या आत्मचरित्रात ब्यापारी यांनी केवळ आपल्यावर झालेला अन्याय सांगितला नाही, तर आपला राग आणि आपल्या हातून घडलेली हिंसाही सांगितली. ते अधिक कठीण असते. सोसलेल्या दुःखाची सहानुभूती मिळते. केलेल्या कृत्याचा मात्र जाब द्यावा लागतो. इंग्रजी अनुवादात या ग्रंथाला २०१८ चा ‘द हिंदू’ पुरस्कार मिळाला.

यश मिळाले म्हणून कष्ट लगेच संपले नाहीत. कोलकात्याच्या मुकुंदपूर भागातील मूकबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत त्यांनी सुमारे दोन दशके स्वयंपाक्याचे काम केले. दिवसा मोठमोठ्या भांड्यांत भात-डाळ शिजवायची आणि उरलेल्या वेळात लेखन करायचे, असा त्यांचा क्रम होता. २०२० मध्ये पश्चिम बंगालमध्ये दलित साहित्य अकादमी स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षपदी त्यांची नेमणूक झाली. २०२१ मध्ये हुगळी जिल्ह्यातील बलागढ मतदारसंघातून ते विधानसभेवर निवडून आले. त्या निवडणुकीचा उमेदवारी अर्ज भरायला ते निघाले, तेव्हा मोटार न घेता रिक्षाने गेले, आणि ती रिक्षा ते स्वतःच चालवत होते.